आधी आजोबांची जीभ

रविवारी सकाळी साहेबराव वरच्या ओठाला गूळ लावून ओट्यावर बसले होते. समोर दीड वर्षांचा नातू रेवत, त्याच्याही ओठाला गूळ. जीभ वर वळवून तो गूळ चाटायचा, असा तो व्यायाम होता. नातवाचा गूळ केव्हाच संपला होता आणि तो आता आजोबांच्या ओठाकडे आशेने बघत होता. आजोबांची जीभ मात्र वादातल्या हद्दीवर आलेल्या तलाठ्यासारखी अजून गुळाच्या अलीकडेच घुटमळत होती.

घरमालकीण साळूबाई समोरच्या अंगणात तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

"जया, तुझ्या बापाला सांग, तोंडाला मुंगळं लागत्याल," त्या म्हणाल्या. "गूळ खायाचा तर सरळ खावा की. त्याला एवढा तमाशा कशाला?"

"व्यायाम आहे तो, साळूबाई."

हे वाक्य जया वर्षभर दर सुट्टीला म्हणत होती. ती पुण्याला शाळेत शिकवायची, नवरा वाल्मीक खडकीला कारखान्यात होता, आणि शनिवारी दुपारची गाडी धरून ती लेकाला घेऊन पौडला आईवडिलांकडे यायची. साळूबाईही दर सुट्टीला तेच विचारायच्या. उत्तराशी त्यांना काही कर्तव्य नव्हते.

साहेबरावांनी एकदाचा गूळ गाठला, तोंड पुसले आणि लेकीकडे वळून विचारले, "जया, आता कसा वाटतो? र्र्र."

"एसटी चढाला लागल्यासारखा."

साहेबराव खूश झाले. ज्या माणसाला जन्मभर 'र' म्हणता आला नव्हता, त्याच्या दृष्टीने चढाला लागलेली एसटी ही स्तुतीच होती.

सोमवारी सकाळी त्यांनी जयाला आणि रेवतला पौडच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसवून दिले. गाडी सुटताना खिडकीपाशी येऊन "र्र्रेवत" अशी हाक मारली, त्यावर ड्रायव्हरनेही दचकून मागे पाहिले. मग साहेबराव स्टँडच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथून पुन्हा उठले नाहीत. शाळेच्या फोनवर निरोप आला तेव्हा जया पाचवीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होती. तिने हातातली ओळ पूर्ण केली, खडू ठेवला, आणि परतीच्या गाडीला गेली.

पण ही गोष्ट त्या सोमवारची नाही. ही गोष्ट जिभेची आहे, आणि ती त्याच्या दीड वर्ष आधी, त्र्याऐंशी साली, नातवाच्या तोंडातून सुरू होते. त्याआधी आजोबांच्या तोंडाबद्दल थोडे सांगणे भाग आहे.

जिभेखाली सगळ्यांनाच एक पातळ पडदा असतो. ज्यांना शंका असेल त्यांनी आरशात बघून घ्यावे. साहेबरावांचा हा पडदा आखूड होता आणि पार जिभेच्या शेंड्यापर्यंत आलेला होता. त्यामुळे जीभ पुढे खालच्या दातांशी अडायची, वर टाळूला पोचायचीच नाही. रिहे गावी ते जन्मले तेव्हा सुईण धोंडाबाईने आपले नख पुढे केले होते. असले पडदे ती नखानेच तोडायची आणि त्यासाठी एका बोटाचे नख तिने राखलेले असायचे. पण साहेबरावांच्या आईने पोराला पदराखाली ओढले. "ऱ्हाऊ दे जिभंला," ती म्हणाली. आणि जीभ राहिली. बाकी सगळी अक्षरे त्यांनी कष्टाने मिळवली, 'र' मात्र आला नाही. त्यात बारशाला नाव ठेवलेले साहेबराव.

पुढे ते तालुक्याच्या एका कचेरीत कारकून झाले. फोनवर स्वतःचे नाव सांगताना ते 'साहेब' एवढ्यावरच थांबत. "साहेब बोलतोय," म्हटले की पलीकडचा ग्रामसेवक उभा राही आणि अडलेली कामे दुपारपर्यंत होत. हा फायदा त्यांनी कधी मागितला नव्हता, पण नाकारलाही नव्हता.

'र' चुकीचा म्हणण्यापेक्षा तो म्हणायचाच नाही, असे त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकले. सरकारला ते शासन म्हणत, डॉक्टरला वैद्य, आणि कचेरी सुटल्यावर घरी न जाता निवासाकडे जात. परिणामी पौडात त्यांची फार विद्वान म्हणून ख्याती झाली. लग्नात बायकोचे नाव घ्यायची पाळी आली तेव्हा ते "चंदकला" म्हणाले. वऱ्हाडाने ते लाडाचे नाव समजून घेतले. त्यानंतर चंद्रकलाबाईंना त्यांनी 'अगं' याखेरीज हाक मारली नाही. मुलगी झाली तिचे नाव जया ठेवले. विहारात त्रिशरण म्हणताना 'सरणं' आले की त्यांचा आवाज इतरांच्या आवाजात मिसळून जाई. चौदा एप्रिलच्या जयंतीला मात्र भाषण एकट्याने करावे लागे, आणि आठवीत असल्यापासून ते भाषण जया लिहून देई. एकही 'र' न घेता लिहायचे. इतर मुली सागरगोटे खेळत तेव्हा जया शब्दकोश धुंडाळीत असे. त्या शोधाशोधीत ती वाचायला लागली, आणि वाचायची ती थांबलीच नाही.

फक्त 'आभार' या शब्दाला तिला मनाजोगता दुसरा शब्द सापडला नाही; 'धन्यवाद' साहेबरावांना कचेरीच्या पत्रासारखा कोरडा वाटे. त्यामुळे साहेबराव सभांचे अध्यक्ष झाले, प्रमुख पाहुणे झाले, पण आभारप्रदर्शन त्यांनी कधी केले नाही. घरात तर तो प्रश्नच नव्हता. आपल्याकडे आभार परक्यांचे मानतात. घरच्या माणसाचे मानले तर तो विचारतो, काय झाले, बरे नाही का?

तर जया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगा झाला. मुलगा गोरागोमटा होता, आवाज खणखणीत होता, पण त्याला दूध ओढता येईना. तोंडात धरायचा, दोनदा चावायचा, निसटायचा, रडायचा, आणि दमून उपाशीच झोपायचा. जयाच्या छातीला चिरा पडल्या. दूध पिळून वाटीत काढायचे आणि बोंडल्याने थेंबथेंब पाजायचे, हा उद्योग दिवसभर चाले. तरी मांड्या भरेनात. तपासायला आलेल्या नर्सबाईने बाळाच्या जिभेखाली करंगळी फिरवली, मग ओट्यावर बसलेल्या साहेबरावांकडे पाहिले, आणि म्हणाली, "आजोबांवर गेलाय."

पौडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. पुण्याला न्या, पडदा कापून घ्या, काही त्रास नसता तर राहू दिला असता, पण पोराला दूध ओढता येत नाही तर थांबण्यात अर्थ नाही.

"कापायचं?" चंद्रकलाबाई म्हणाल्या. त्यांनी बाळाला उचलले, आतल्या खोलीत नेले आणि दाराशी जाते सरकवून ठेवले.

पौडसारख्या ठिकाणी बातमीला पाय लागत नाहीत, ती आधीच सगळीकडे पोचलेली असते. संध्याकाळपर्यंत सल्ले येऊ लागले. साळूबाईंनी वेखंड आणले आणि ते मधात उगाळून जिभेला लावायला सांगितले. कचेरीतला शिपाई भैरू म्हणाला, "लई रडू द्या त्याला, रडून रडून दोरी आपसूक तुटती." दोन दिवस त्याच्या सल्ल्याचीही परीक्षा झाली, कारण बाळ तसेही रडतच होते. कुणी म्हणाले, कंबरेला काळा दोरा बांधा. ज्याला एक दोरा जास्त झाला म्हणून रडणे चालले होते, त्याला दुसरा बांधावा यामागचे शास्त्र जयाला कळले नाही. दरम्यान चिठ्ठीतले 'हे घराण्यात असू शकते' हे वाक्य फुटले आणि गल्लीत जो तो दुसऱ्याची जीभ बघू लागला. साळूबाईंनी नवऱ्याचा वरचा ओठ उचलून पाहिला, तिथे हिरडीला एक दोरा लागलेला सापडला, आणि संसारात इतकी वर्षे आपले ऐकले का जात नाही याचा त्यांना उलगडा झाला. ओठाचा आणि ऐकण्याचा संबंध नाही हे सांगून उपयोग नव्हता.

मग निघाला पोपट. पोपटाने चोच मारलेला पेरू खाल्ला की वाचा फुटते, हे साळूबाईंना पक्के ठाऊक होते, आणि त्यांचा भाऊ कुशाबा कोळवणला पोपट बाळगून होता. चंद्रकलाबाई आणि साळूबाई एसटीने कोळवणला गेल्या. कुशाबाने नुकताच जमिनीचा तुकडा पुण्याच्या एका साहेबाला बंगल्यासाठी विकला होता आणि त्या साहेबाच्या जीपमधून येणाऱ्या खाऱ्या बिस्किटांची पोपटाला चटक लागली होती. पेरूकडे तो बघेना. दोन तास समजूत घातल्यावर त्याने आधी साळूबाईंच्या बोटाला आणि मग पेरूला अशी चोच मारली. निघताना चंद्रकलाबाईंनी सहज विचारले, पोपट बोलतो का? "न्हाई," कुशाबा म्हणाला, "आजपातुर तर एक शबूद बोलला न्हाई."

पेरू घरी आल्यावर नवा पेच पडला. तो खायचा कुणी? बाळाला दात नव्हते.

"आईनं खावा," साळूबाई म्हणाल्या. "दुधातनं उतरंल."

"दूध पोटात गेलं असतं तर पेरू कशाला लागला असता?" जया म्हणाली.

"मग ज्याच्यापासनं आलंय त्यानं खावा," चंद्रकलाबाईंनी निकाल दिला आणि पेरू साहेबरावांपुढे ठेवला.

छप्पन्न साली धर्म बदलला त्याच दिवशी साहेबरावांनी अंगारे, दोरे, नवस सगळे नदीत सोडून दिले होते. त्यांनी पेरूकडे पाहिले. मग पाटावर बोंडले घेऊन बसलेल्या लेकीकडे पाहिले.

"हे सगळं थोतांड आहे," ते म्हणाले. "मी हे फळ म्हणून खातोय. पोपटाचा काही संबंध नाही."

आणि त्यांनी पेरू खाल्ला. चोच मारलेला भाग मात्र चाकूने काढून टाकला, त्यामुळे गुण न येण्याला तेच जबाबदार ठरले.

बाळ आणखी सुकले. त्या रविवारी जेवताना साहेबरावांनी विषय काढला. कापायला वेळ लागत नाही, दुखत नाही, पुण्यात हे नेहमीचे काम आहे, असे त्यांनी 'र' टाळून शांतपणे सांगितले.

"एवढं सोपं हाय?" चंद्रकलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "मग आधी तुमची कापा. तुमी धडधाकट माघारी आला की मग माझ्या बाळाला हात लावा."

दुसरा कुणी नवरा असता तर हे बोलणे त्याने भाकरीबरोबर गिळले असते. पण साहेबरावांची हयात कचेरीत गेली होती. प्रकरण कितीही अडलेले असो, वरून शेरा आला की अंमल करायचा, शेऱ्यामागचा राग बघायचा नाही, ही त्यांची कामाची रीत होती. इथे तर शेरा स्पष्ट होता, अटही स्पष्ट होती.

"ठीक," ते म्हणाले. "आधी माझी."

चंद्रकलाबाईंचा हात तव्यावर थांबला. पण बोललेला शब्द त्यांनाही मागे घेता येईना.

रजेच्या अर्जात साहेबरावांनी खरे कारण लिहिले: जीभ कापून घेणे. कचेरीच्या साहेबांनी त्यांना आत बोलावले.

"साहेबराव, हे काय? जीभ कापली? कुणी?"

"अजून नाही, साहेब. पुढच्या आठवड्यात."

साहेबांना वाटले हा आपल्यावर टोमणा आहे. आदल्याच महिन्यात त्यांनी बैठकीत साहेबरावांना गप्प बसवले होते. त्यांनी अर्ज जिल्ह्याकडे मार्गदर्शनासाठी पाठवला. जिल्ह्याने विचारले, सदर कर्मचाऱ्याने सेवेत लागताना जिभेचा दोष जाहीर केला होता काय? भैरूने शेवटी मधला मार्ग काढला. "पोट दुखतंय लिवा की, आण्णासाहेब," तो म्हणाला. "पोटाला कुणी काय इचारत न्हाई." पोट लिहिले, रजा मंजूर झाली. आयुष्यातले पहिले खोटे कारण आपण एका खऱ्या आजारासाठी दिले, याचे साहेबरावांना बरेच दिवस वाईट वाटत राहिले.

पुण्याच्या दवाखान्यात वेगळीच अडचण. जीभ कुणाची, हे ठरलेले नव्हते. बाळाच्या डॉक्टरांनी कान-नाक-घशाकडे पाठवले. कान-नाक-घशाच्या खिडकीवरच्या माणसाने पाटीकडे बोट दाखवून विचारले, यात जीभ कुठे लिहिली आहे? दातांच्या विभागाने सांगितले, ओठ आणि हिरड्या आमच्या, जीभ नुसती आमच्या हद्दीत राहते. साहेबरावांना हे सगळे ओळखीचे होते. दोन गावांच्या शिवेवर पडलेल्या, दोन्ही तलाठी नाकारतात अशा जमिनीच्या तुकड्यासारखी जीभ घेऊन ते जिने चढत होते, उतरत होते. मागून चंद्रकलाबाई बाळाला घेऊन, त्यांच्या मागून जया बोंडल्याची पिशवी घेऊन. अखेर एका मध्यमवयीन सर्जनला त्यांची दया आली.

"दोघांचं दुखणं एकच आहे," साहेबराव त्यांना म्हणाले. "आधी मला घ्या."

"आजोबा, तुम्ही इतकी वर्षं चालवलंत. आता कशाला?"

साहेबरावांनी बायकोकडे पाहिले. "अट आहे," ते म्हणाले.

सर्जननी बाळाचाही ओठ उचलून पाहिला. तिथेही साळूबाईंच्या नवऱ्यासारखाच दोरा होता. "याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "दात येतील तसा तो आपोआप वर सरकतो. दिसेल ते सगळं कापायचं नसतं." मग त्यांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली.

इथपर्यंतचा बेत तसा बिनचूक होता. साहेबरावांनी आत जायचे, हसत बाहेर यायचे, चंद्रकलाबाईंनी बाळ द्यायचे. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. तान्ह्याचा पडदा कागदासारखा असतो, तो कात्रीच्या एका टोकाने सुटतो. साहेबरावांचा पडदा सत्तावन्न वर्षांचा होता आणि एव्हाना चांगला दोरखंड झाला होता. त्याला बधिर करायचे इंजेक्शन लागले, टाके लागले, आणि बराच वेळ लागला. साहेबराव बाहेर आले ते तोंडात कापसाचा बोळा, हनुवटी सुजलेली आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा ओघळ अशा अवस्थेत. धीर देण्यासाठी ते हसायला गेले. तो प्रकार आणखी भयंकर दिसला.

 चंद्रकलाबाई बाळाला छातीशी धरून उठल्या, जिना उतरल्या, रिक्षा केली, आणि थेट स्टँडवर जाऊन पौडच्या गाडीपाशी बाकावर बसल्या. मागच्या रिक्षाने जया आणि साहेबराव पोचले.

"आई, अट काय होती?" जया म्हणाली.

"अट धडधाकट माघारी याची हुती. ह्ये धडधाकट हाय? रगात बघ कापडावर. त्या घोड्यासारख्या मानसाची ही दशा, मग ह्या एवढुशा जिवाचं काय हुईल? मी न्हाई द्यायची."

"त्याला टाके नसतात, आई. क्षणाचं काम आहे."

"तुझं शिकल्यालं तुझ्यापाशी ठेव. बोंडल्यानं वाढवीन मी त्याला."

बाळ बोंडल्याने वाढत नव्हते, हे तिघांनाही दिसत होते. ते रडतही नव्हते आता. रडायला लागणारी ताकद ते राखून ठेवत होते.  इतक्या वर्षांत बापासाठी जयाने ढीगभर शब्द जमवले होते, त्यातला एकही आईच्या कामाचा नव्हता.

साहेबराव पुढे झाले. बोलायची बंदी होती आणि बोलता येतही नव्हते. ते बायकोसमोर उभे राहिले, तोंडातला बोळा काढून रुमालात धरला, आणि भर स्टँडवर त्यांनी जीभ बाहेर काढली. ती दातांशी आली. दात ओलांडून ओठावर आली. ओठ ओलांडून खाली हनुवटीकडे गेली. मग हळूहळू वर वळली आणि थरथरत वरच्या ओठाला टेकली. डोळ्यांतून पाणी येत होते, पण त्यांनी जीभ आत घेतली नाही. शेजारच्या गाडीतल्या एका बाईने आपल्या मुलाचे तोंड दुसऱ्या खिडकीकडे वळवले. कंडक्टर दारातून म्हणाला, "काका, गाडीत बसायचंय का असंच हुबं ऱ्हायचंय?"

चंद्रकलाबाई बघत राहिल्या. उभ्या संसारात ती जीभ त्यांनी खालच्या दातांच्या पुढे पाहिली नव्हती.

"एवढी जीभ हुती तुमाला?" त्या म्हणाल्या. "मग इतकी वरसं आत कोंडून का ठिवली हुती?"

साहेबरावांनी बाळाकडे बोट केले.

चंद्रकलाबाईंनी बाळ जयाच्या हातात दिले आणि पदराने नवऱ्याची हनुवटी पुसली.

ते परत पोचले तेव्हा सर्जन कोट काढत होते. त्यांनी तो पुन्हा घातला. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळले, एका नर्सने डोके धरले, आणि जयाला वाटले तयारी चालली आहे तोवर सर्जन म्हणाले, "पाजायला घ्या." अंघोळीला जेवढे रडायचे त्याच्या निम्मेही बाळ रडले नव्हते. जयाने त्याला जवळ घेतले. पहिल्यांदा ते निसटले. दुसऱ्यांदा त्याने धरले आणि सोडले नाही. दुखले नाही. खोलीत घोट गिळल्याचा आवाज येऊ लागला, ठराविक लयीत, विहिरीवरच्या रहाटासारखा. जया भिंतीकडे तोंड करून बसली होती.

बाहेर व्हरांड्यात साहेबराव रुमाल तोंडाशी धरून बाकावर बसले होते. ती बाहेर आली तेव्हा त्यांनी नुसत्या भुवया उचलल्या.

"प्यायला," जया म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि दोन्ही पिशव्या उचलल्या. जयाच्या ओठावर आणखी एक वाक्य होते. पण त्यांच्या घरात असली वाक्ये कुणी बोलत नसे, आणि शेवटची गाडीही पकडायची होती.

पुढचे काही दिवस साहेबराव पेज पिऊन पाटीवर लिहून बोलत होते. कचेरीतले काम त्या काळात दुपटीने उरकले, असे भैरू सांगतो. बाळाच्या नावाचा वाद तेव्हाच चालू होता. वाल्मीकच्या घरच्यांना राहुल हवा होता, पण त्या आळीत हाक मारली तर चार घरांतून चार राहुल बाहेर येत. साहेबरावांनी पाटीवर लिहिले: रेवत.

"अण्णा, 'र' आहे त्यात," जया म्हणाली.

त्यांनी खाली लिहिले: माहीत आहे.

सूज उतरल्यावर सगळी आळी त्यांचा 'र' ऐकायला जमली. तो आला नाही. "पडदा आम्ही कापला," पुढच्या तपासणीला सर्जन म्हणाले, "सवय तुम्ही कापायची." तेव्हापासून गुळाचा व्यायाम सुरू झाला. काही महिन्यांनी 'र' आला, आणि असा आला की आवरेना. निवृत्तीच्या निरोप समारंभात साहेबरावांनी हट्टाने आभारप्रदर्शन स्वतःकडे घेतले. त्या भाषणासाठी प्रथमच त्यांनी जयाची मदत मागितली नाही. ते उठले आणि म्हणाले, "सर्र्र्वांचे आभार्र्र्र." कर्णा घरघरला, मागच्या रांगेतल्या दोघांनी गाडी आली म्हणून पिशव्या उचलल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबराव त्या टाळ्या थांबेपर्यंत उभे होते, आणि थांबल्यावर त्यांनी पुन्हा एकदा आभार मानले.

विहारातल्या त्रिशरणात त्यानंतर त्यांचा आवाज मिसळून जाईना. सगळ्यांचा 'सरणं' संपला तरी त्यांचा चालूच असे.

साहेबराव गेल्यावर पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम साळूबाईंच्या अंगणात झाला. जयंती मंडळाचा चिटणीस सोपान आदल्या दिवशी कार्यक्रमाची आखणी घेऊन आला. शेवटचा विषय होता आभारप्रदर्शन.

"दुःखाच्या कार्यक्रमाला आभार कसलं रं?" चंद्रकलाबाईंनी विचारले.

"काकू, कार्यक्रम म्हटला की आभार आलेच. नाहीतर लोकांना संपल्याचं कळत नाही. उठायचं की बसायचं यात तास जातो."

"मी करते," जया म्हणाली.

ती लिहायला बसली. पान भरल्यावर तिने ते वाचून पाहिले. घराच्या जागी तिने निवास लिहिले होते आणि डॉक्टरच्या जागी वैद्य. आभार हा शब्द पानावर कुठेच नव्हता. तिने कागद घडी करून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी विहारातून आणलेल्या दोन्ही फोटोंना आणि साहेबरावांच्या फोटोला हार घातले, मेणबत्त्या लावल्या, सर्वांनी त्रिशरण म्हटले. 'सरणं' सगळ्यांचा एकदमच संपला. कुणाचाही मागे रेंगाळला नाही. मग भाषणे झाली. साहेब बोलले, भैरू बोलला. साळूबाईंनी बसल्या जागेवरून गुळाची हकिकत सांगितली आणि लोक हसले, चंद्रकलाबाईही हसल्या. रेवत त्यांच्या मांडीवर होता आणि जीभ वर काढून बसला होता, कारण पुढ्यात आजोबांचा फोटो होता आणि आजोबा दिसले की व्यायाम, एवढे त्याला कळत होते.

सोपानने जयाचे नाव पुकारले. तिने रीतीप्रमाणे सुरुवात केली. सतरंज्यांसाठी मंडळाचे आभार, अंगणासाठी आणि भांड्यांसाठी साळूबाईंचे, त्या सोमवारी स्टँडवर पाणी घेऊन धावलेल्या कंडक्टरचे. लोक उठायच्या तयारीने पदर, टोप्या सावरू लागले. जया थांबली. मग ती फोटोकडे वळली, लोकांकडे तिची पाठ झाली, आणि कर्णा नसल्यामुळे मागच्यांना ऐकू जावे म्हणून तिला आवाज चढवावा लागला.

"अण्णा, दवाखान्याच्या व्हरांड्यात मी 'प्यायला' एवढंच म्हणाले होते. पुढचं राहिलं. तुम्ही आधी तोंड उघडलंत, म्हणून माझं लेकरू पोटभर प्यायलं. आणि मला जेवढे शब्द येतात, ते सगळे तुमच्यासाठी शोधताना सापडलेले आहेत. हा एक सापडत नव्हता, तो तुम्ही नंतर स्वतःच म्हणून दाखवलात. अण्णा, मी तुमची आभारी आहे."